चौकटच्या राणीची मागची बाजू

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी मामांनी पप्पांच्या हाती एक पाकीट पाठवलं. आत अर्धा पत्ता होता. चौकटची राणी, कमरेखाली उंदराने खाल्लेली. आजोबांचा पत्त्यांचा कॅट आजोळी वर्षातून एकदाच, आखाजीला निघतो आणि त्या दिवशी दुसऱ्या कॅटला कोणी हात लावत नाही. मामांनी फोन करून आईला सांगितलं, "पोर कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवस, मंग एक राणी नही बनावाव का?"

मी जळगावात एका छपाईच्या दुकानात डिझाइन करते. घरी लॅपटॉपवर तो अर्धा पत्ता स्कॅन केला आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून एकेक रेघ ओढली: मुकुट, केसांची वळणं, हातातलं फूल. राणी वरून आणि खालून सारखीच असते, त्यामुळे अर्धी पुरली. कॉपी केली, उलटी फिरवली, मध्ये जोडली. पप्पा शेजारी स्टूलवर बसून बघत होते. "अर्ध्याची अख्खी झाली की," ते म्हणाले. मला छान वाटलं. पत्त्याच्या पाठीवरच्या निळ्या वेलाचंही मी तेच केलं. जाड कागदावर छापलं, लॅमिनेशन केलं, कोपरे गोल कापले.

चूक मला आजोळी कळली. चाळीसगावपासून थोडं आत आमचं आजोळ आहे. दुपारी ओसरीवर मामा, पप्पा आणि आणखी चौघे तीन पत्ती खेळत होते. मी पन्ह्याचे ग्लास घेऊन गेले आणि बाकीचे पत्ते पहिल्यांदाच नीट पाहिले. त्यांच्यावरचा वेल एका टोकाला उगवून सरळ दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. माझा वेल मधूनच वळून परत फिरत होता. राणी पालथी पडली तरी ओळखू येत होती.

हे आणखी कोणाला दिसलंय का, म्हणून मी भिंतीशी उभी राहून एकेकाकडे बघू लागले. आणि पप्पांवर येऊन थांबले.

पप्पा दर आखाजीला सगळ्यांत आधी हरून उठतात. आज त्यांच्यासमोर नोटांचा ढीग होता. "दाजी, आज काय मंतर मारी उनात?" मामा चिडवत होते. पप्पा हसत होते, पण पत्ते वाटले जाताना त्यांची नजर स्वतःच्या पत्त्यांवर नव्हती. ज्याच्यासमोर तो वळलेला वेल पडे, त्याच्याशी ते लढत नव्हते. पत्ते खाली टाकून देत. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदाही तेच.

आजोळच्या शेजारच्या घरी काही वर्षांपूर्वी एका जावयाने पत्त्यावर नखाची खूण केलेली सापडली होती. त्याला कोणी मारलं नाही की शिवी दिली नाही. पण त्याची बायको त्यानंतर आखाजीला माहेरी आली नाही. आणि आत्ता अंगणात माझी आई बहिणींबरोबर झोक्यावर उभी राहून गाणं म्हणत होती. एरवी वर्षभर तिचा आवाज इतका मोठा मी ऐकत नाही.

खरं सांगितलं असतं तर सगळ्यांनी आधी पप्पांकडे पाहिलं असतं. गप्प बसले असते तर आज ना उद्या कोणाला तरी दिसलंच असतं. मी चार माणसांत बोलत नाही. शाळेतही उत्तर येत असून हात वर करत नसे.

डाव संपला. "मामा, ती राणी द्या ना," मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही. पुन्हा म्हणाले.

"बोल ना वं, घाबरस काय? आम्ही काय वाघ?"

सगळे हसले. मी राणी हातात घेतली, सगळ्यांकडे पाठ करून उजेडात धरली आणि कोपऱ्यात नख घालून वरचा थर उचकटला. मग वळून दाखवलं. "लॅमिनेशन सुटतंय. घामाने शाई निघेल, आजोबांचे बाकीचे पत्ते खराब होतील."

"मंग राणीबिगर कसं खेळानं?"

"कॅटमध्ये जोकर आहे ना? त्यालाच राणी करा."

मामांनी खिशातलं पेन दिलं. मी जोकरवर 'चौकट राणी' असं लिहिलं. पप्पा खाली बघून नोटा सारख्या करत होते.

तासाभरात ते हरून उठले, नेहमीसारखे पहिले. "मंतर उतरना का दाजी?" मागून मामांचा आवाज आला.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी झोपली. पाचोरा गेल्यावर पप्पांनी हात पुढे केला. "राणी दे."

मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती पालथी केली, उचकटलेल्या कोपऱ्यावर स्वतःचं नख ठेवून पाहिलं. तिथे नखाचा वळ स्पष्ट दिसत होता. ते रागावतील याची भीती नव्हती. ते आता काहीतरी बोलतील, आणि मग मला ते नक्की माहीत होईल, याची होती.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि पत्ता माझ्या हातात परत दिला.

जळगाव येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.