सगुणा खूण सांगत नाही

पालीच्या सगुणा मांडवकरचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच कबूल करतो. हापूस हातात घेऊन, न कापता, आत साका आहे की नाही ते ती सांगते. साका म्हणजे वरून देखण्या फळाच्या आत, कोयीजवळ, पांढरट पडलेला खराब गर. कसं ओळखते ते विचारायची सोय नाही. त्या खुणेवरच तिचं पोट आहे.

यंदा आम्ही दहा बागायतदार ब्लॉकचेनवर आलो. प्रत्येक पेटीची नोंद दहाही जणांच्या कॉम्प्युटरवर, मागाहून कुणा एकट्याला ती फिरवता येत नाही. पण मुळात ती खरी कशावरून? व्यापारी निलेश म्हणाला, "सगुणाबाईंनी रीत लिहून द्यावी, नाहीतर पेटीवरचा 'साका नाही' हा शिक्का काढा."

मीही शहाणपणा केला. "सगुणा, सांगून टाक ना."

तिनं पिशवी उचलली. "आज सांगितलं, की उद्या मशीन आणाल. मग मी काय घरी बसू?"

माझी पुतणी स्वानंदी पुण्यात असलीच सॉफ्टवेअरं करते. ती म्हणाली, "काका, खूण कशाला हवी? खूण न सांगता, ती ठाऊक आहे एवढंच पटवायचं. आम्ही याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतो. एखादं फळ नशिबानं बरोबर येईल, वीस नाही येणार."

निलेशनं स्वतः वीस फळं निवडली. सगुणा एकेक हातात घेऊन सांगे, मग तो कापे. सातव्याला ती म्हणाली, "साका." निलेशनं एक फाक काढली. केशरी, स्वच्छ. तो सुरी खाली ठेवू लागला.

"दुसऱ्या बाजूनं काप रे," ती म्हणाली.

कोयीला लागून साका होता. पुढची तेराही बरोबर निघाली. निलेशनं हात जोडले.

स्वानंदी नोंद करायला बसली. "तपासणी कोणाची लिहू?"

सवयीनं माझ्या बागेचं नाव ओठांवर आलं. बावीस वर्षं तिनं तपासलेली प्रत्येक पेटी माझ्याच नावानं गेली. सगुणावर माझा केवढा विश्वास, असं मी चारचौघांत मिरवत होतो, तिचं नाव मात्र कुठे लिहिलं नव्हतं. लाज वाटली.

"सगुणा मांडवकर लिही," मी म्हणालो.

सगुणा स्क्रीनजवळ आली. "ह्ये आता कोन पुसनार नाय?"

"नाही," मी म्हणालो. "मीसुद्धा नाही."