सर्जेतात्यांनी पोचवलेला हंडा

सर्जेतात्यांशी माझी ओळख त्यांच्या थपडेनं झाली. मी निमगाव केतकीचा. नवा ट्रॅक्टर धुवायला उजनीच्या पाण्यात घातला होता. मागून एक रुंद पंजा आला आणि माझी टोपी पाण्यात गेली. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की डिझेलचा तवंग आला की मासे मरतात. मी गाल चोळत म्हणालो, आधी सांगायचं की.

"आधी हात, मंग बात," तात्या म्हणाले. "नुसत्या बातंनं कोण ऐकत न्हाय."

तेव्हापासून आमची दोस्ती जमली, हे कुणाला पटत नाही. तात्या मासेमारी करायचे. मापात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्यांनी भर बाजारात त्याच्याच तागडीनं बडवलं होतं. लोक त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. पूर्वी मात्र ते असे नव्हते म्हणे. धरण भरल्यानंतर ते नावेनं माणसं अलीकडे-पलीकडे करायचे. एकदा वळवाच्या वादळात नाव उलटली. सगळ्यांना त्यांनी ओढून काढलं, सांगवीचे नामदेवराव तेवढे गेले. मुलीच्या लग्नासाठी ते पलीकडच्या तांबटाकडून हंडा घेऊन येत होते. एका हातानं हंडा धरलेला, दुसरा तात्यांच्या हातात. तो सुटला. प्रेतही सापडलं नाही.

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात पाणी फार मागे हटलं आणि त्या नावेच्या फळ्या गाळातून वर आल्या. तात्यांनी मला ट्रॅक्टर आणायला लावला. साखळी लावून नाव ओढली, तर खाली हंडा निघाला, हिरवा पडलेला. मातीनं घासल्यावर अक्षरं दिसली : 'चि. सगुणा हिस, वडिलांकडून'. तात्या त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले.

तेवढ्यात नावेचं लोखंड काढायला आलेल्या दोन भंगारवाल्यांनी हंड्याला हात घातला. तात्यांनी वल्हं उचललं. एकाचे दात पडले. दुसऱ्याची पहार तात्यांच्या कपाळावर बसली, रक्तानं डोळा मिटला, तरी वल्हं थांबेना. खाली पडलेल्या माणसालाही ते हाणतच होते. मी मागून मिठी घातली नसती तर खून पडला असता. मला त्यांची भीती वाटली, आणि किळसही आली.

"दुसऱ्याची चीज हाय ती," ते धापा टाकत म्हणाले. "ज्याची त्याला गेली पायजे."

कपाळाला फडकं बांधून त्याच दिवशी आम्ही सांगवी गाठली. बाप गेल्यावर सगुणाबाईची सोयरीक अपशकुनी म्हणून मोडली होती. ती भावाकडेच राहत होती. भावानं दारात तात्यांना ओळखलं. हंडा हिसकावला आणि तोच त्यांच्या खांद्यात घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ट्रॅक्टरवर ऐकू आला. मी पाना घेऊन उतरलो, तर तात्याच माझ्यावर ओरडले, पाना ठेव. ते हात खाली सोडून उभे राहिले आणि तो दमेपर्यंत मार खात राहिले. सगुणाबाई बाहेर आली. पोचा पडलेला हंडा उचलून आत गेली.

परतताना माझं डोकं फिरलं होतं. जगाला बडवता, आज तुमचे हात कुठं गेले होते, असं मी विचारलं. माळेगावचा कारखाना मागे पडला, तेव्हा त्यांनी लोंबणारा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

"त्येंच्या बापाचा हात ह्याच हातातनं सुटला," ते म्हणाले. "त्यो त्येंच्यावर कसा उचलू?"

तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेलाच नाही. काही वर्षांनी तात्या वारले. अंगणात त्यांना आंघोळ घालायची तयारी चालली होती, तेव्हा सगुणाबाई एस.टी.नं आली. काखेत तोच हंडा, लख्ख घासलेला, पोचा तसाच. कुणी काही विचारायच्या आत तिनं तो विहिरीवर भरून आणला.

"ह्यो मानूस बी त्याच दिशी बुडाला व्हता," ती म्हणाली. "आमाला दिसलं न्हाय."

मग वाकून पहिलं पाणी तिनंच घातलं, त्या मोडलेल्या खांद्यावर.