लिबकाटा२ कुणाला लागतं?

मुकुंद गायधनी नाशिकहून राखोलीच्या एका यार्न कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावरही जवळच्या आमलीतच राहिले. मुलगी पुण्याला बोलवायची, तर म्हणायचे, "तिथे मला कोण ओळखतं?" जसं काही इथे सगळं गाव ओळखतं! इथे त्यांना ओळखायचे दूधवाला, वॉचमन आणि वसंत सावे. बाहेर, परक्या देशांत मात्र त्यांचा दरारा होता.

फुकट वाटली जाणारी एक संगणक प्रणाली आहे. देशोदेशीची माणसं पगाराशिवाय ती सांभाळतात. तीत मुकुंदरावांच्या वाट्याला आली होती लिबकाटा नावाची लायब्ररी. पुस्तकांची नव्हे हो! वजनकाट्याशी बोलायचं काम एकदाच नीट लिहून ठेवायचं आणि ज्या प्रोग्रॅमला वजन हवं, त्याने ते तिथून घ्यायचं, एवढंच.

नावाचा नियम साधा. आतली डागडुजी कितीही करा, नाव तेच. पण नव्याने जुन्या प्रोग्रॅमचं भागणार नसेल, तर नावातला आकडा वाढलाच पाहिजे. म्हणून लिबकाटा२ आणि लिबकाटा३ ही दोन वेगळी नावं, एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदणारी. सगळे तीनकडे गेले, की मगच दोनला निरोप. कुणी आळसाने जुन्याच नावाखाली नवं दडपलं, की मुकुंदराव असे काही भडकायचे, की विचारू नका.

यंदा प्रणालीची नवी आवृत्ती निघायची होती. त्याआधी दोन हटवायचं, हे मुकुंदरावांनीच जाहीर केलं. मागे राहिलेल्यांना खडसावलं, "जुन्याचा मोह सोडा. मुदतीत हलला नाहीत, तर तुमचा प्रोग्रॅमही दोनबरोबर बाहेर जाईल." एकेक करून सगळे हलले. आता दोन कुणाला लागतं, हे त्यांनी तपासलं, तर एकच नाव आलं. 'गासडी'. वसंतचा प्रोग्रॅम!

वसंत डहाणूकडचा. त्याच कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसायचा. सुताची गासडी काट्यावर ठेवली, की वजनाचं लेबल छापून देणारा हा प्रोग्रॅम त्याने हौसेने लिहिला होता, आणि कुठकुठले छोटे कारखाने तो वापरत होते. वसंतची राखोलीच्या पुलापलीकडे गेलेली हीच काय ती एक गोष्ट. आणि हा पठ्ठ्या मेलला उत्तर देत नव्हता. प्रणाली सांभाळणाऱ्यांपैकी एकाने गोड शब्दांत विचारलं, "तुमचे मित्रच राहिलेत वाटतं?" मुकुंदरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. रविवारी सकाळी ते थेट वसंतच्या घरी धडकले.

"काय रे, मेल वाचत नाहीस?"

"चालतंय ना गासडी? चाले छे ने? मग उगाच कशाला हात लावायचा!"

"अरे, दोन निघालं की तुझं गासडी गेलं! जगाला उपदेश करतो मी, आणि माझ्याच दोस्तापाशी घोडं पेंड खातंय. आळशी आहेस, दुसरं काही नाही!"

वसंत भिंतीकडे बघत राहिला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

त्याची बायको, सुमनवहिनी, चहा घेऊन आल्या. मुकुंदरावांना कप दिला. वसंतचा पेला अर्धाच भरलेला होता, आणि तो त्यांनी स्वतःच त्याच्या तोंडाशी धरला.

"नंतर," वसंत पुटपुटला.

"भावोजींपासून काय लपवायचं?" वहिनी म्हणाल्या.

वसंतने हात बाहेर काढले. ते थरथरत होते, थांबायचं नाव घेत नव्हते.

"दिवाळीपासून," तो म्हणाला. "एक अक्षर दाबायला जातो, चार उमटतात."

मुकुंदरावांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापली. ठेवून द्यावं का दोन तसंच? पण मग बाकीच्यांना कोणत्या तोंडाने हलवलं? की घरी जाऊन आपणच गुपचूप करून टाकावं? तेही बरं वाटेना. ते उठले आणि वसंतच्या संगणकासमोर बसले.

"सांग. मी टाइप करतो."

"तुला नाही जमायचं."

"मग शिव्या घाल."

त्या त्याने मनसोक्त घातल्या. "अरे गाढवा, वर नाही, खाली! आधी काटा उघड, मग वजन माग!" जेवणवेळेपर्यंत गासडी तीनवर चालू झालं. बदल वसंतच्याच नावावर नोंदवला.

मग मुकुंदरावांनी दोन हटवायची विनंती लिहायला घेतली. कारणाच्या जागी नेहमीचं वाक्य टाकलं, 'आता कुणालाच लागत नाही.' आणि बोट तिथेच अडलं. वसंत मागून वाचत होता.

"धाड की," तो म्हणाला. "खरंच आहे ते." मग त्याने विचारलं, "चार कधी येईल रे?"

"येईल काही वर्षांनी. तेव्हा परत येतो बोलणी खायला."

"तोवर बोलणंही जाईल. डॉक्टर म्हणालेत तसं."

सुमनवहिनींनी रिकामा पेला खाली ठेवला.

"मग मला आत्तापासून शिकवा," त्या म्हणाल्या. "शेजारी खुर्ची घेऊ का?"

वसंतने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"घे," तो म्हणाला. "आणि चष्मा आण."