साहेबाने नाव विचारलं

जोगेश्वरीच्या त्या चाळीत रत्नप्रभाचं इंग्रजी वर्षभर चेष्टेचा विषय झालं होतं. सातवी शिकलेली बाई कांदा चिरता चिरता 'आय अ‍ॅम कटिंग अनियन' म्हणायची आणि बायका फिदीफिदी हसायच्या. हसेनात बापड्या! संपात तिच्या नवऱ्याची, लवूची, गिरणी बंद पडली ती पडलीच. भाऊ चंद्रप्रकाश ऑस्ट्रेलियात होता, बहिणीला मुलाबाळांसकट कायमचं बोलावून घ्यायला तयार होता. अडलं होतं एवढंच, की बहिणीला इंग्रजी बोलता यायला हवं. शेजारची उत्तरा शाळेत शिकवायची. ती रोज दुपारी वकिलातीतल्या मुलाखतीचे प्रश्न विचारून तिची तयारी करून घेई. नवऱ्याच्या नावाचा प्रश्न आला की मात्र उत्तराच "लवू" म्हणून पुढे सरकायची. रत्नप्रभा नाव घेणार नाही, हे काय सांगायला हवं होतं?

वकिलातीत लवूला बाहेर बसवून तिला एकटीला आत बोलावलं. गोऱ्या साहेबाने सुरुवातीलाच नवऱ्याचं नाव विचारलं. तिला कळलं, अगदी नीट कळलं. पण लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. साहेबाने सावकाश परत विचारलं. तिने अर्जावरच्या नावावर बोट ठेवलं. बाईला इंग्रजीचा गंध नाही असं समजून त्याने दुभाषी बाईला बोलावलं. तिने तेच मराठीत विचारलं, तरी ही गप्प. तेव्हा दुभाषी बाईच्या ध्यानात आलं. ती साहेबाला समजवायला गेली, पण दुभाषी लागली तिथेच इंग्रजीचा निकाल लागला होता. पुढचे प्रश्न मराठीतच झाले.

महिन्याभराने नकार आला. रत्नप्रभा भाकऱ्या करत होती.

"इचारल्यान तरी काय तुका?" लवूने विचारलं.

"तुमचा नाव."

लवू बघतच राहिला. "मगे सांगूचा मा! माजी काय हरकत होती?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही, रडूही आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

"आता घे बघू," तो म्हणाला. "हयसर कोण नाय."

तिने तोंड उघडलं. जीभ हलली नाही. लवू चपला घालून बाहेर गेला. तिने पुढची भाकरी थापायला घेतली.