कोथिंबिरीवरचा आळ

माझ्या डब्यातल्या कोथिंबिरीवर आळ आला, तेव्हा मी स्प्रूसच्या बियांवर पीएचडी करत होते. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची आयटीतली नोकरी इंग्लंडात, मिल्टन कीन्सला, म्हणून राहायचो तिथे, आणि मी रोज गाडीने युनिव्हर्सिटीत जायचे. डबा घरचाच. शनिवारी लंडनमधल्या वेम्बलीच्या देशी दुकानांतून आणलेल्या जुड्या आठवडाभर पुरवायच्या. वर कोथिंबीर नसेल तर उसळ माझ्या घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?

काम होतं छोट्या आरएनएचं. हे इवलेसे तुकडे पेशीतल्या नको त्या जीन्सना गप्प बसवतात. बी तयार होताना, आतला गर्भ वाढताना, कुठल्या जीनने कधी बोलायचं हे बरंचसं तेच ठरवतात. फुलझाडांत त्यांची मुख्य मापं दोन, एकवीस अक्षरांचे आणि चोवीस अक्षरांचे. स्प्रूस, पाइन अशा सूचिपर्णी झाडांत मात्र चोवीसवाले जवळजवळ नसतातच, असा तेव्हा समज होता. पण बहुतेकांनी बघितल्या होत्या सुया, म्हणजे त्या झाडांची पानं. मी कोवळी बी फोडून आतला गर्भ सोलून काढला, त्याचा आरएनए जेलवर चालवला, जिथे प्रत्येक मापाच्या तुकड्यांची वेगळी पट्टी दिसते, आणि एकवीसच्या वर आणखी एक पट्टी! फिकट, पण बरोबर चोवीसच्या जागी.

मी नाचतच बॉसकडे, म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइडकडे गेले. त्याने जेलचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "कंटॅमिनेशन. कुठल्यातरी फुलझाडाचं काहीतरी पडलंय यात." एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण दुपारी टी-रूममध्ये सगळ्यांसमोर माझ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे तुझं हिरवं लंच असणार. ते सगळीकडे सांडलेलं असतं." सगळे खो-खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर जाता जाता त्याने सांगितलं, तो चॅप्टर थीसिसमधून काढून टाक.

अख्ख्या थीसिसमध्ये नवीन असं काही होतं ते त्याच चॅप्टरमध्ये. तो गेला तर उरणार काय? दुसऱ्यांनी आधीच केलेलं परत केलं, एवढंच.

घरी नवरा म्हणाला, "अगं, थोडे दिवस सँडविच ने ना. कशाला डोक्याला ताप?"

"का म्हणून? ग्लोव्हज घालते, हात धुते, डबा टी-रूमच्या बाहेर नेत नाही. मी काय लॅबमध्ये भेळ कालवते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उसळीवर मुद्दाम दुप्पट कोथिंबीर घातली.

दुपारी टी-रूमच्या मधल्या टेबलावर बसून मी हाताने पोळी-उसळ खाल्ली. समोर बॉस नेहमीचं चीज सँडविच खात होता. त्याचं संपेपर्यंत मी थांबले आणि मोठ्याने म्हटलं, "आज आरएनए तू काढ. बीसुद्धा तूच फोड. मी बोट लावणार नाही." त्याने कित्येक वर्षांत पिपेट हातात धरला नव्हता. पण आजूबाजूला सगळे ऐकत होते, आता नाही कसं म्हणणार?

मी दारात हाताची घडी घालून उभी राहिले. पहिल्या काही बियांचा त्याने पार चेंदामेंदा केला. मग हात बसला. मी तीन नळ्या लावायला सांगितल्या होत्या. एकीत सुया, दुसरीत गर्भ, तिसरीत झाडाचं काहीच नाही, नुसती रसायनं. सगळं एकाच टेबलावर, एकाच हाताने. हवेतून काही पडतच असेल तर ते तिन्हींत पडायला हवं. बाहेरून मी ताठ उभी होते, पण आतून माझी घाबरगुंडी उडाली होती. ती पट्टी आली नाही तर? मग तो चॅप्टरही गेला आणि माझी आयुष्यभराची थट्टा झाली.

दुसऱ्या दिवशी जेलचा फोटो आला. रिकाम्या नळीच्या रांगेत काही नाही. सुयांच्या रांगेत एकवीसची पट्टी. गर्भाच्या रांगेत एकवीसची, आणि तिच्या वर चोवीसची.

बॉसने फोटो बराच वेळ उलटसुलट करून बघितला. "फिकट आहे," म्हणाला.

"फिकट आहे, पण आहे. आणि या वेळी हात तुझे होते."

"ठीक आहे. चॅप्टर राहू दे."

"राहणारच होता," मी म्हटलं.

दुपारी टी-रूम भरलेली होती. मी डबा उघडला, वर हिरवीगार कोथिंबीर. समोर त्याने सँडविच बाहेर काढलं आणि पावाचा चुरा टेबलभर सांडला.

"सांभाळून हं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "गहूसुद्धा फुलझाडच आहे."