हळकुंडांची माती

वॉटफर्डमधल्या आमच्या रस्त्याच्या टोकाला पेपरवाल्याचं दुकान होतं. त्याच्या काचेत लोक चिठ्ठ्या लावत. मांजर हरवलंय, पियानो शिकवतो, पाळणा विकणे आहे. मी त्या सगळ्या रोज वाचायचे, मांजराचीसुद्धा. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. डॉक्टर नवरा हॉस्पिटलात ड्यूटीवर, मुलगी शाळेत आणि मी नेटच्या पडद्याआड चहाचा कप घेऊन उभी. माहेरी मी इतकी बडबडी की वडील म्हणायचे, हिच्या तोंडाला कुलूप घाला आणि किल्ली विहिरीत टाका. इथे कुणी न सांगता कुलूप लागलं होतं. कधी कधी अख्ख्या सकाळी माझं बोलणं दूधवाल्याशी दोन शब्द, एवढंच व्हायचं.

एके दिवशी त्या काचेत चिठ्ठी दिसली: टायपिस्ट हवी, आठवड्यातून दोन सकाळी. साताऱ्याच्या टायपिंग क्लासमध्ये मी चाळीसच्या स्पीडची परीक्षा दिली होती, ती केवळ लग्नाच्या बाजारात एक गुण वाढावा म्हणून. ती अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं. मी पत्ता टिपून घेतला आणि घरी न जाता तशीच तिकडे गेले.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच, वाकलेल्या इंग्लिश बाईंनी. एकट्या राहायच्या. घरात सगळीकडे खोकी, आणि थंडी बाहेरच्याहून जास्त. तरुणपणी त्या सुमात्रा बेटावरच्या एका डोंगराळ गावात दोन वर्षं राहिल्या होत्या. तिथली शेती कशी चालते, जमीन कुणाची असते, कुणाकडून कुणाकडे जाते, हे त्यांनी वह्यांत लिहून आणलं होतं. वह्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं खोक्यांत पडून होत्या, आणि आता बाईंना त्यांचं पुस्तक करायचं होतं. मंगळवारी आणि गुरुवारी मी जायचे, कोट न काढता टाइप करायचे, आणि अकरा वाजता बाई पाणचट चहा आणि दोन बिस्किटं आणायच्या. मला तो चहा आवडायचा. दुसऱ्याने केलेला चहा मला त्या देशात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मी टाइप करता करता थांबले आणि बाईंना विचारलं, हे उलटं लिहिलंय का? वहीत लिहिलं होतं की त्या गावात जमीन आईकडून मुलीकडे जाते. घरसुद्धा. लोक मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारे, पण भाताची वावरं बायकांची. लग्न झालं की मुलगी कुठे जात नाही, नवराच संध्याकाळी तिच्या घरी येतो. बाई म्हणाल्या, उलटं नाही, तसंच आहे. मला हसू आवरेना. आमच्याकडे एक घरजावई असला तर गाव तोंडाला पदर लावून हसतं, आणि इथे अख्खं गावच घरजावयांचं.

बाई ज्या घरात राहिल्या त्या घरधनिणीचा एक भाऊ होता. तो रोज सकाळी बायकोच्या घरून निघून बहिणीच्या वावरात यायचा. रेड्याचं औत धरायचा, बांध घालायचा, दुपारी बहिणीकडे जेवायचा आणि संध्याकाळी परत बायकोकडे जायचा. बायकोच्या घरी तो पाहुणा, त्याची उशी तेवढी तिथे. भाच्यांची लग्नं, त्यांची दुखणीखुपणी, सगळं हा मामाच बघायचा. पुढे त्याची बायको वारली. दिवस झाले तशी त्याने आपली चटई गुंडाळली आणि बहिणीच्या घरी येऊन अंथरली. बाईंनी लिहिलं होतं की तो आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही, बहिणीने फक्त भातात पाणी वाढवलं. हे पान मी दोनदा टाइप केलं. पहिल्या वेळी चुका फार झाल्या.

आईकडून आलेलं वावर तिथे विकता येत नाही. फार नड आली तर गहाण ठेवता येतं, तेही चारच कारणांसाठी. घरात मयत होऊन मातीला खोळंबा झाला तर. मोठ्या घराचं छप्पर गळायला लागलं तर. वयात आलेली मुलगी बिनलग्नाची राहत असेल तर. आणि घराण्याचा मान गेलेला असेल, तो समारंभ करून परत उभा करायचा असेल तर. त्यातही सगळ्यांना विचारावं लागतं. परगावी गेलेल्या बहिणीलासुद्धा निरोप धाडायचा आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबायचं.

तिथल्या वावरांना नावं होती. वांझ नारळाखालचं, म्हशीच्या पाण्याचं, म्हातारीचं. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडेही असतात. मग त्यांनी एका पानाच्या पाठीवर माझ्याकडून आमच्या जमिनीचा नकाशा काढून घेतला. वाईजवळ आमची चार एकर. चिंचेचं वावर, टेकाड, ओढ्याकाठचं आणि विहिरीखालचा तुकडा. हळद त्या तुकड्यात. मी लहानपणी हळदीच्या पानांत लपून बसायचे आणि घरचे हाका मारून थकायचे. बाईंच्या नकाशांत बायकांची जमीन हिरव्या पेन्सिलीने रंगवलेली असे. त्यांनी हिरवी पेन्सिल उचलली आणि विचारलं, यातलं तुझं कुठलं?

मी म्हणाले, वडील आहेत अजून. ते उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं असणार. तरी मी विहिरीखालच्या तुकड्यावर बोट ठेवलं, आणि त्यांनी तो रंगवला.

पुढच्याच वर्षी वडील गेले. तार आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दोन महिन्यांनी माझ्या धाकट्या भावाचं जाड पाकीट आलं. आत हक्कसोडपत्र. आमच्याकडे ही रीत आहे. बाप गेला की बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने त्यांना जन्मभर माहेर द्यायचं. साडीचोळी, भाऊबीज, बाळंतपण, आणि कधीही जाऊन उभं राहायला एक दार. जी बहीण सही करत नाही तिला जमिनीचा तुकडा मिळतो आणि भावाचं घर तुटतं, असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. आमच्या आत्यानेही सही केली होती, आणि तिने ती केल्याचं तिच्या कौतुकात सांगितलं जायचं. भावाने पत्रात जबरदस्ती काही केली नव्हती. ती. सौ. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, तलाठी म्हणतात कागद लौकर व्हावा, तुझी सोय बघून कर, एवढंच. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "करून टाक ना सही. तीन एकर काय नि चार एकर काय, आपण थोडेच तिथे जाऊन फार्मिंग करणार आहोत? उगीच इश्यू नको."

सही लंडनला वकिलातीत जाऊन करायची होती, दोन साक्षीदारांसमोर. एक नवरा. दुसरं कोण? माझ्या ओळखीचं त्या देशात होतं कोण? मी बाईंना विचारलं.

त्या टोपी घालून आल्या. ट्रेनमध्ये त्यांनी कागदात काय लिहिलंय ते विचारलं, आणि मी वाचून सांगितलं: राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. त्यांनी विचारलं, याच्या बदल्यात तुला काय मिळतं? माहेर, मी म्हणाले. या शब्दाला इंग्रजीत काही नाही, म्हणून मी समजावलं की जिथे जायला विचारावं लागत नाही ती जागा. 

मग म्हणाल्या, "ती जागा भावाने द्यायची असेल, तर ती तुझी कशी?"

मला इतका राग आला की काय सांगू. म्हटलं, तुम्हाला भाऊ नाही, तुम्हाला काय कळणार. मोठ्याने म्हटलं, नवऱ्यासमोर. बाईंनी मान हलवली आणि वकिलातीत माझ्या सहीखाली आपली सही केली, अक्षरन् अक्षर लावून.  मंगळवारी मी नेहमीसारखी गेले, त्यांनी नेहमीसारखा चहा आणला. माफी मी मागितली नाही. आजही ते मला टोचतं.

आणि भावाने शब्द पाळला, हे मला सांगितलं पाहिजे. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, समुद्रमार्गे, मांजरपाटात शिवलेलं, लाखेचे ठिपके लावलेलं एक पार्सल यायचं. आत हळकुंडं. सोबत चिठ्ठी: विहिरीखालच्या तुकड्यातली तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली. बाजारची हळकुंडं घासून चकचकीत करतात, ही घरची, न घासलेली. त्यांच्या सुरकुत्यांत माती अडकलेली असायची. कुटायच्या आधी मी ती पातेल्यात धुवायचे, आणि ते तांबूस गढूळ पाणी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तुळशीला घालायचे. मुलीला सांगायचे, ही तुझ्या आजोबांची माती, कस्टमच्या डोळ्यांत धूळ फेकून आलेली. ती एकदा म्हणाली, "पण आई, ते जमीन तुझा होता ना? मग तू का दिला?" मी तिला म्हटलं, भाषा सुधार आधी. 

बाईंचं पुस्तक झालं नाही. टाइप केलेल्या कागदांवर त्या पुन्हा दुरुस्त्या करायच्या, मी पुन्हा टाइप करायचे, आणि हळूहळू त्यांना तेच पान आपण काल वाचलं हे आठवेनासं झालं. शेवटी त्यांच्या बहिणीचा मुलगा त्यांना समुद्रकाठच्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेला. जाताना त्यांनी मला आमच्या जमिनीचा तो नकाशा दिला. हिरवा तुकडा तसाच होता, खोडलेला नव्हता. त्यानंतर माझे मंगळवार आणि गुरुवार इतर वारांसारखे झाले. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली. नवरा कन्सल्टंट झाला, म्हणजे आणखी उशिरा घरी येऊ लागला. मी सुमात्रातल्या त्या बहिणीशी मनात बोलायला लागले, ते आधी गमतीने, पुढे सवयीने.

नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी पार्सल नेहमीसारखं आलं. मांजरपाट, लाख, भावाचं अक्षर, आत तीच चिठ्ठी. मी हळकुंडं पातेल्यात ओतली, पाणी घातलं, चोळली. पाणी स्वच्छ राहिलं. हळकुंडं एका मापाची, गुळगुळीत, पिवळीधमक. मी दुसरं पाणी घेतलं. तेही स्वच्छ. मग कचऱ्यातून पार्सलचं कापड काढून शिक्का बघितला. वाईचा नव्हता, पुण्याचा होता.

मी स्वतःला समजावलं. पाऊस कमी झाला असेल, पीक गेलं असेल, बिचाऱ्याने लाजेकाजेस्तव बाजारातून घेऊन पाठवली असेल. त्या हिवाळ्यात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मी एकटीच गेले. तो आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहत होता, मुलांच्या शिक्षणासाठी, असं म्हणाला. लग्न थाटात झालं. त्याने मला पैठणी नेसवली, पाया पडला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, वावर बघून येऊ. तो म्हणाला, "ताई, रस्ता उकरून ठेवलाय सगळा. तुला त्रास होईल. पुढच्या खेपेला जाऊ." हे बोलताना तो माझ्या बॅगेची चेन लावत होता, ती आधीच लागलेली होती.

मी जास्त विचारलं नाही. विमानात मात्र, वावर विकलं गेलंय हे ओळखून, मी सुमात्रातल्या त्या चार कारणांत त्याला बसवत राहिले. मयत नव्हतं. छप्पर गळत नव्हतं. मुलगी वयात आलेली होती, हे खरं. म्हणजे कारण चुकलं नव्हतं, मी त्याला मनातल्या मनात माफही करून टाकलं. पण निरोप मला यायला हवा होता. मी हो म्हणाले असते. लगेच म्हणाले असते, ट्रंक कॉल करून म्हणाले असते. पण मला कुणी विचारणार नव्हतं, कारण तेवढं एक विचारायचं मीच राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडून दिलं होतं. बाईंना हे सांगावंसं वाटलं. मी वृद्धाश्रमात फोन केला, तर तिथली नर्स म्हणाली, त्या आता फोनवर येत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात पार्सल आलं. या वेळी कापडावर शाईने गावाचं नाव मुद्दाम ठळक लिहिलेलं होतं, शिक्का पुण्याचाच. चिठ्ठी होती: विहिरीखालच्या तुकड्यातली तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली. पन्नाशीकडे झुकलेला माझा भाऊ मंडईत जाऊन, हळकुंडं निवडून, ती मांजरपाटात स्वतःच्या हाताने शिवत बसला असेल, हे मला दिसलं, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. मग हळकुंडं धुतली. स्वच्छ पाणी तुळशीला घातलं, आणि टेबलाशी बसून त्याला पत्र लिहिलं.

चि. भावास अनेक आशीर्वाद. हळद पोचली. विहिरीखालची लगेच ओळखू येते.