सख्खी नाही

काचवालीच्या हातून गेलेला चष्मा सहसा परत येत नसे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती एकवीस वर्षं काचा घासत होती. काच मशीनवर चढवायची, फ्रेमच्या मापाने कडा उतरवायच्या आणि कोन बरोबर बसलाय का ते तीनदा तपासायचं. "दोन अंश इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं गं?" असं घाईच्या वेळी मालक म्हणत. "काहीच नाही," ती म्हणे, "गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं आणि ते शिव्या डॉक्टरला घालतं." तिचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. का मोडलं असं कुणी विचारलं तर "नंबर जुळला नाही" एवढंच उत्तर मिळे.

अशा बाईच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक सहा वर्षांची मुलगी सांभाळायला आली, तात्पुरती. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून आठवड्याभरात तिची टाचणी झाली. टाचणीला आई होती. मनाच्या आजाराने वर्षभर दवाखान्यात राहून ती बाहेर आली होती आणि त्याच दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धूत होती. राहायला कामगार बायकांचं वसतिगृह होतं आणि तिथे मुलांना मनाई होती.

बालकल्याण कार्यालयातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आई म्हणायला शिकवू नका हं. तिला आई आहे. मावशी म्हणू दे." माय मरो नि मावशी उरो, ही म्हण काचवालीच्या अगदी ओठावर आली होती. ती तिने गिळली. माय समोरच्याच खुर्चीत बसली होती.

मग भेटी सुरू झाल्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, अकरा वाजता, कार्यालयातल्या मुलांच्या खोलीत. भिंतीवर रंगवलेला हत्ती, चाक निखळलेली गाडी, गुडघ्याएवढ्या खुर्च्या. आई कधी पाऊण तास उशिरा येई, कधी येतच नसे. पाळी बदलली, बस चुकली, गोळीने झोप लागली. टाचणी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी राही आणि काचवालीच्या मनात येई, आज नाही आली तर बरंच. ती खरंच आली नाही, की टाचणी पुढचे दोन दिवस ताट ढकलून देई. मग काचवालीला वाटे, मेली आली असती तर काय बिघडलं असतं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि या सगळ्यासाठी दर महिन्याला अर्ध्या दिवसाची रजा.

शेवटी दत्तकाची गोष्ट आईनेच काढली. "ताई, मला रोजचं जमणार नाही गं. तूच घे तिला कायमची." अर्ज गेला. आठ महिने काचवाली वाट बघत राहिली आणि मग एके दिवशी कार्यालयातल्या अर्जाच्या खिडकीवरच्या कारकुनाने फाइल तिच्यासमोर सरकवली.

"तुम्हाला दत्तक कशाला हवं? तुम्ही नातेवाईकच आहात की."

"मी? कोणाची?"

त्याने रकान्यावर बोट ठेवलं. नाते : मावशी.

"अहो, ती मला मावशी म्हणते!"

"तेच लिहिलंय."

"म्हणते म्हणजे आहे असं होतं का? भाजीवालाही मला मावशी म्हणतो. त्यालाही दत्तक देताय का मला?"

"तिची आई तुम्हाला ताई म्हणते, मुलगी मावशी म्हणते," कारकून शांतपणे म्हणाला. "यातून माणसाने काय समजायचं, तुम्हीच सांगा."

नातेवाइकांकडच्या मुलांच्या फाइलींचा गठ्ठा वेगळा होता. त्या गठ्ठ्यात दत्तक नाही. मावशीने सांभाळायचं, आई कागदावर आईच राहणार, आणि उद्या कुणाच्या मनात आलं तर मुलगी दुसरीकडे. आठ महिने फाइल तिथे धूळ खात पडली होती. आता उपाय एकच. ही माझी बहीण नाही, असं आईने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. तेही या शनिवारी एकच्या आत, नाहीतर दत्तक समिती पुन्हा तीन महिन्यांनी बसणार.

आणि नवल म्हणजे त्या शनिवारी आई अकराला दहा कमी असतानाच हजर. तिने टाचणीला जवळ घेतलं, दीड तास तिला खेळवलं, मग कागद मागितला आणि गुडघ्याएवढ्या खुर्चीत बसून सावकाश लिहिलं. काचवालीने तो न वाचताच उचलला आणि खिडकी गाठली. दोन अंशांचा फरक पकडणारी बाई, पण त्या दिवशी घाईत होती.

कारकुनाने मोठ्याने वाचलं. "ही माझी सख्खी बहीण नाही." मग चष्म्यावरून वर बघितलं. "सख्खी नाही. म्हणजे चुलत?"

"चुलतही नाही."

"मावस? आते? मामे?"

"कुठलीच नाही हो!"

"मग सख्खी कशाला लिहिलं? तो शब्द खोडून बाजूला त्यांची सही आणा."

काचवाली तणतणत परत आली. "अगं, हे काय लिहून ठेवलंस? खोड ते."

"नुसतं बहीण नाही, असं कोरडं लिहवेना मला," आई म्हणाली. "एक शब्द राहिला तर तुझं काय जातं?"

"तीन महिने जातात!"

आईने पेन हातात घेतलं आणि ती तशीच थांबली. "बाई म्हणाल्या, दत्तक झालं की हे शनिवार बंद. खरं?"

'बघू गं पुढचं पुढे' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. काचवालीला ते माहीत होतं. पण खोटा नंबर द्यायची तिला सवय नव्हती. "बंद," ती म्हणाली. "मग भेटवायचं की नाही ते माझ्या हातात."

"आणि तू काय करशील?"

"गुरुवारी दुकान बंद असतं. घरी ये."

"लिहून दे."

"त्याला रकाना नाही. विचारलंय मी."

आईने पेनाला टोपण लावलं. "मग आधी एक गुरुवार येऊन बघते. दार उघडलंस तर खोडते."

"दार उघडलंस तर? दोन वर्षं इथे ताटकळले मी तुझ्यासाठी, आणि परीक्षा माझी?"

"माझी सगळ्यांनी घेऊन झाली, ताई. नापास झाले मी. तू एक देऊन बघ."

टाचणीने चित्रातून मान वर केली. "तुम्ही भांडताय का?"

"नाही!" दोघी एकदम ओरडल्या.

एक वाजायला पाच मिनिटं होती. काचवाली पुन्हा खिडकीशी उभी राहिली. तिचे कान तापले होते. राग नेमका कुणाचा, ते तिला ठरवता येत नव्हतं. रकान्याचा, टाचणीच्या आईचा, की 'बघू' न म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेचा.

"खोडलं नाही?" कारकून म्हणाला.

"नाही. पुढची तारीख द्या."

"तीन महिन्यांनंतरची मिळेल. कारण काय लिहू?"

"लिहा, दोघी बहिणींचं भांडण झालं!"

कारकुनाने मान खाली घातली आणि तो वळणदार अक्षरात लिहू लागला. तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला.

"अहो!" ती खिडकीच्या गजांवर हात आपटत किंचाळली. "खोडा ते!"